पुणे–दिल्ली एअर इंडियाने: खुर्च्या नव्या, जमाखर्च अजून तोट्यातच

निकाल आधीच सांगून टाकतो. पुणे–दिल्लीला पाचपैकी चार, दिल्लीहून पुढे अमेरिकेला अडीच.

टाटांनी कंपनी २७ जानेवारी २०२२ ला ताब्यात घेतली. व्यवहार १८,००० कोटींचा, पण रोख २,७०० कोटीच. बाकी १५,३०० कोटींचं कर्ज अंगावर घेतलं. त्यानंतर ओतलेला पैसा कुठे गेला, ते ए३२०निओ या एअरबसच्या छोट्या विमानात बसलं की दिसतं. जुन्या २७ विमानांतल्या सगळ्या खुर्च्या काढून नव्या बसवल्या: बिझनेस ८, प्रीमियम इकॉनॉमी २४, इकॉनॉमी १३२. नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीन झालेल्या 'विस्तारा' या विमान कंपनीच्या ए३२०चीही हीच मांडणी होती. तिकीट काढताना सीटचा नकाशा उघडा. पुढे २-२ च्या दोन रांगा आणि त्यामागे ३-३ च्या चार प्रीमियम रांगा दिसल्या की समजा, हेच विमान. प्रीमियमच्या रांगाच नसतील, तर मांडणी वेगळी आहे.

प्रीमियममध्ये दोन रांगांमधलं अंतर ३२ इंच, म्हणजे इकॉनॉमीपेक्षा गुडघ्यापुढे चार बोटं जास्त. सव्वादोन तासांसाठी हजार-दीड हजाराचा फरक असेल तर जरूर घ्या. पाच हजार मागत असतील तर मागेच बसा, तेवढ्यात परतीच्या तिकिटाचा बराच भार निघतो. समोर स्क्रीन नाही. मोबाइल अडकवायला होल्डर आणि चार्जिंगची सोय आहे.

सामानाचं गणित नीट पाहा. इकॉनॉमीच्या व्हॅल्यू आणि क्लासिक तिकिटांत चेक-इन १५ किलो, फ्लेक्समध्ये २५. बाकरवडीचे डबे घेऊन निघणाऱ्यांनी घरीच वजनकाट्यावर ठेवून बघावं. एअर इंडियाच्याच स्वस्तातल्या कंपनीचं, म्हणजे एअर इंडिया एक्सप्रेसचं 'लाइट' तिकीट स्वस्त दिसतं, पण त्यात चेक-इन बॅग नसते. दर लावून बघताना लोक इथेच फसतात.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, मोजके. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं, तरी धावपट्टी तीच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात सकाळचं विमान अडकलं, की तेच विमान पुण्यात उशिरा येतं आणि पुढच्या फेऱ्या ढकलल्या जातात. त्या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये चार तास ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये काही देशांतर्गत फेऱ्या दिल्लीच्या टर्मिनल २ वर गेल्या आणि परदेशी उड्डाणं टर्मिनल ३ वरच राहिली. तिकिटावरचा टर्मिनल नंबर वाचून घ्या.

अडीचचं कारण लांबची विमानं. जुन्या बोइंग ७८७-८ ची आतली दुरुस्ती खुर्च्या वेळेवर न आल्याने रखडली. पहिलं विमान २०२५ च्या जुलैमध्ये या कामासाठी कॅलिफोर्नियाला गेलं. त्याच वर्षी एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश बंद. वळसा पडतो, इंधन जास्त जळतं, अमेरिकेच्या काही उड्डाणांना वाटेत थांबावं लागतं. १२ जूनच्या अहमदाबाद अपघातानंतर वेळापत्रक कापलं गेलं, त्यात पुणे–सिंगापूरही काही आठवडे थांबलं होतं.

पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरात २०२४-२५ चा करपूर्व तोटा होता: एअर इंडिया सुमारे ३,८९० कोटी, एक्सप्रेस सुमारे ५,६७८ कोटी. स्वस्त तिकिटांची कंपनी जास्त बुडाली, हे लक्षात ठेवण्यासारखं. एक्सप्रेसच्या सवलतीच्या तिकिटांवर फार काळ विसंबू नका.

दिल्लीमार्गे न्यूयॉर्कला जायचं असेल तर विमानाच्या रकान्यात ए३५० हे एअरबसचं नवं, मोठं विमान शोधा. जुनं विमान दिसलं, तर मुंबईहून दुसऱ्या कंपनीचा दर एकदा बघाच.