पाचगणीजवळची जमीन आणि सातबाऱ्याचा झाकलेला रकाना

निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून थंड हवेच्या एखाद्या लहान गावी कायमचे राहायला जायचे, असे आम्ही पती-पत्नींनी २०१७ मध्येच ठरवले होते. पत्नीला दम्याचा त्रास असल्यामुळे गाव निवडताना आम्ही घाई केली नाही. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्याने रात्री-अपरात्री स्वतःच्या गाडीने दवाखाना गाठता येणार नव्हता, आंबोलीचा पाऊस आम्हाला झेपणारा नव्हता आणि महाबळेश्वरची गर्दी नकोशी वाटत होती. पाचगणी मात्र सुमारे १,३०० मीटर उंचीवर असूनही महाबळेश्वरच्या पूर्वेला असल्यामुळे तिथे पाऊस पुष्कळ कमी पडतो, आणि पसरणी घाट उतरला की वाईचा बाजार व दवाखाने हाताशी येतात. दीड वर्ष असा विचार करून आम्ही पाचगणी पक्की केली. गावासाठी घेतली तेवढी काळजी आम्ही जमिनीसाठी घेतली नाही, आणि आयुष्यभराच्या बचतीतला मोठा भाग गमावला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये एका ओळखीच्या ओळखीतून आम्हाला जमिनीचा एक दलाल भेटला. पहिल्या भेटीत त्याने जागेचा विषयही काढला नाही. चहा मागवून त्याने आम्हाला पाचगणीच का आवडली, हे तासभर शांतपणे विचारून घेतले, आणि आम्हीही मोकळेपणाने सगळे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याने पाचगणीपासून काही किलोमीटरवरच्या एका खेड्यातली दहा गुंठ्यांची जागा दाखवली, तेव्हा आम्ही आदल्या दिवशी बोललेले सारे तिथे जणू मांडून ठेवलेले होते. काठोकाठ भरलेली विहीर होती, कडेला सिल्व्हर ओकची रांग होती आणि खाली दूरवर धोम धरणाचे पाणी चमकत होते. "काका, काकूंच्या दम्याला इथली हवा म्हणजे औषधच आहे," हे त्याचे वाक्य मला आजही टोचते, कारण पत्नीचे आजारपण त्याला मीच सांगितले होते. जो माणूस जागा दाखवण्याआधी आपले मन वाचून घेतो, त्याच्यापासून सावध राहावे, असे मला आता मनापासून वाटते.

त्याने सातबाऱ्याची झेरॉक्स दिली. तिच्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे स्पष्ट छापलेले होते आणि मी त्याबद्दल विचारलेही. जमीन दुसऱ्या दर्जाची, म्हणजे हलक्या मातीची असल्यामुळे तसे लिहितात आणि म्हणूनच ती स्वस्त मिळते आहे, असे त्याने सांगितले. हे धादांत खोटे होते. वर्ग २ चा मातीशी काहीही संबंध नसतो. अशा जमिनीच्या हस्तांतरावर शासनाचे निर्बंध असतात, असा त्याचा अर्थ आहे. त्या झेरॉक्सवर 'इतर अधिकार' हा, जमिनीवरची बंधने आणि इतरांचे हक्क नोंदवण्याचा रकाना कोरा होता. त्या कोऱ्या जागेच्या कडेने एक पुसटशी करडी रेघ गेलेली होती, आणि ती यंत्राच्या काचेवरचा डाग असावा असे मी गृहीत धरले. प्रत काढताना त्या रकान्यावर कागदाचा तुकडा ठेवल्याची ती खूण होती, हे पुढे मूळ उतारा शेजारी ठेवल्यावर दिसले.

आम्ही शेतकरी नव्हतो. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, हे मी ऐकून होतो. त्यावर 'शेतकरी दाखला मी काढून देतो, नाहीतर जमीन बिनशेती करूनच तुमच्या नावावर करू' असे दोन पर्याय त्याने सुचवले. खोट्या दाखल्याला आम्ही नकार दिला आणि प्रामाणिक मार्ग निवडल्याच्या समाधानात दुसरा पर्याय स्वीकारला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, झाले. इसार म्हणून मी नऊ लाख रुपये धनादेशाने आणि तीन लाख रोख दिले. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचा आग्रह मी धरला असता, तर हा व्यवहार तिथेच थांबला असता.

मे महिना आला तरी बिनशेतीच्या अर्जाची पोच मिळेना, तेव्हा माझ्या थोरल्या मुलीने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. इतर अधिकारांच्या रकान्यात 'कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी नोंद होती, म्हणजे कूळ कायद्याने त्या जमिनीच्या विक्रीवर बंधन होते. कब्जेदार म्हणून एकूण अकरा नावे सामाईकात होती. आमच्या साठेखतावर सही करणारा त्यांतला फक्त एक होता आणि बाकीच्यांचे कुलमुखत्यारपत्र त्याच्याकडे नव्हते. जागेची मोजणी झालेली नव्हती, पोटहिस्सा पडलेला नव्हता. म्हणजे आम्हाला चुना मारून दाखवलेले ते दहा गुंठे कागदावर कुठेच अस्तित्वात नव्हते.

त्याहून मोठा धक्का वाईतल्या एका वयस्कर वकिलांनी दिला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र शासनाने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आहे, आणि तिथल्या शेतीच्या व हिरव्या पट्ट्यातल्या जमिनीचा वापर बदलण्याची मुभा मुख्यतः तिथल्या मूळ रहिवाशांच्या निवासी गरजेपुरती ठेवलेली आहे. बाहेरून येऊन शेतजमिनीवर बंगला बांधू पाहणाऱ्यांसाठी ती मुभा नाही. ज्या झाडीसाठी आणि ज्या हवेसाठी आम्ही पाचगणी निवडली, ती ज्या नियमामुळे टिकून आहे, त्याच नियमाने आमचे घर तिथे होणे शक्य नव्हते. हा नियम मला मान्य आहे. तो मला वेळीच माहीत नव्हता, याचे दुःख आहे.

पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून आधी तक्रार घेतली नाही. वकिलांची नोटीस गेल्यावर आणि लेखी अर्ज वरपर्यंत दिल्यावर दोन वर्षांत चार लाख रुपये हप्त्याहप्त्याने परत आले. रोख दिलेल्या तीन लाखांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. उरलेल्या पैशांसाठी दावा चालू आहे.

मध्यंतरी आम्ही पाचगणीत चार महिने भाड्याने राहून पाहिले, तेही मुद्दाम जून ते सप्टेंबर. जुलैत दिवसचे दिवस धुके खोलीत शिरत होते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागली, आणि पत्नीचा दमा डोंबिवलीत होता त्यापेक्षा वाढला. हे आधी केले असते, तर जमिनीपर्यंत गोष्ट गेलीच नसती. आता आम्ही वाईत भाड्याच्या घरात राहतो.

गेल्या हिवाळ्यात त्या खेड्यावरून जाताना त्याच शेतात नवी चुन्याची आखणी दिसली, आणि मुंबईहून आलेले एक जोडपे विहिरीपाशी उभे राहून फोटो काढत होते. मी गाडी थांबवली, गट क्रमांक सांगितला आणि त्या ताईंच्या मोबाइलवर सातबारा उघडून दिला. उजवीकडचा तो रकाना त्यांनी दोनदा वाचला, आणि मग इसार किती दिला होता, ते मला विचारले.