फियाट, ओम्नी, बॅटरीची गाडी आणि हुर्राक: एका निवृत्त बाईंची गुणपत्रिका

शाळेत असताना निबंधाला दहापैकी साडेसातच्या वर गुण मी सहसा दिले नाहीत. त्यामुळे इथे एखाद्या गाडीला किंवा पेयाला आठ मिळालेले दिसले तर ते खूप झाले असं समजा. मुलगा मला गाड्यांची परीक्षणं वाचायला पाठवतो. त्यांत मायलेज असतं, टचस्क्रीन असतो, एअरबॅगा मोजलेल्या असतात. गाडी वाटेत कुठे थांबते आणि थांबल्यावर तिथे प्यायला काय मिळतं, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. मी गोव्यातल्या डिचोलीची. गाड्या चालवल्या त्या खाणीच्या ट्रकांमागून, घाटांतून आणि फेरीबोटींच्या रांगांतून. माझ्या लेखी गाडीची परीक्षा ती थांबल्यावर सुरू होते.

पहिली होती प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला फियाटच म्हणायचे. 1089 सीसीचं इंजिन, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मागच्या बाजूला छोटे पंख. नंबर जीडीने सुरू होणारा, कारण तेव्हा आम्ही ‘गोवा, दमण आणि दीव’ होतो. 1985 साली यांनी ती एका खाणीवरच्या अधिकाऱ्याकडून जुनी घेतली आणि घेतल्यावर जाहीर केलं की आपल्याला काही चालवायला जमणार नाही. म्हणून मी शिकले. डिचोलीच्या बाजारातून बाई गाडी घेऊन निघाली की भाजीवाल्या तराजू हातात तसाच धरून बघत राहायच्या.

गिअर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या दांड्यावर. पुढची सीट अखंड, त्यामुळे मी, हे आणि मध्ये मुलगा असे तिघे आरामात मावायचो. तिची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे दारातली त्रिकोणी काच. ती जराशी वळवली की वारा थेट गळ्यावर यायचा. आजच्या कुठल्याही एसीत ते सुख नाही. मात्र तीच काच साखळी-उसगाव रस्त्यावर वैरी व्हायची. पुढे खनिजाचा ट्रक असला की लाल धूळ आत, पदरावर, भुवयांवर, मुलाच्या डब्यातल्या पोळीवर. पांढरी साडी नेसून मी त्या रस्त्याने कधी गेले नाही.

घाटात ती पाणी मागायची. त्या काळी सगळ्याच गाड्या मागायच्या, त्यातून आमची तर जुनी. बेळगावला माहेरची माणसं, म्हणून अनमोड घाट ठरलेला. काटा चढला की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि इंजिन निवेपर्यंत थांबायचं. रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावायचा नाही, हे मी साखळीच्या मेस्ताकडून, म्हणजे मेकॅनिककडून शिकले. “बाई, तिका रागार आसतना उगडूं नाकात,” असं तो म्हणायचा. तेवढ्या वेळात टपरीवरचा चहा व्हायचा: पत्ती उकळून उकळून काळी केलेली, साखर पुढ्यात उभी राहील एवढी. एरवी त्याला चार गुण दिले असते. घाटात, धुक्यात, वाफ सोडणाऱ्या बॉनेटशेजारी उभं राहून प्यायला म्हणून सात.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि सगळा उत्तर गोवा एकदम पोर्तुगीज काळात गेला. पणजीला जायचं म्हणजे फेरीबोट. आम्ही मयेवरून चोडणला जायचो आणि रायबंदरच्या बोटीच्या रांगेत उभे राहायचो. रांग पुढे सरकली की इंजिन चालू, चार गाड्यांपुरतं पुढे, पुन्हा बंद. हे गोल्ड स्पॉट नावाचं थंड पेय घ्यायचे. मी ते कधी तोंडाला लावलं नाही. जीभ नारिंगी व्हायची आणि तहान होती तशीच राहायची. 1993 मध्ये पार्लेने आपली पेयं कोका-कोलाला विकली, मग पुढे गोल्ड स्पॉट दिसेनासं झालं. आमच्या घरात यांनी अजून त्याचं सुतक पाळलं आहे. असो, ज्याची त्याची आवड. तीन गुण.

माझ्याजवळ घरून आणलेलं भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं सरबत असायचं. त्याबद्दल नीट लिहिते, कारण हल्ली दुकानात कोकम म्हणून जे लालभडक मिळतं ते पिऊन लोक मत बनवतात. एप्रिल-मे मध्ये पिकलेली भिरंडं अर्धी कापायची, बिया काढायच्या, त्या वाटीत साखर दाबून भरायची आणि काचेच्या बरणीत एकावर एक रचून ती बरणी उन्हात ठेवायची. पाण्याचा थेंब नाही. साखर विरघळत जाते, सालीचा रंग उतरतो आणि बरणीत जांभळट लाल पाक जमतो. पाऊस यायच्या आत गाळून भरून ठेवायचा. पिताना थंड पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. घरच्याला आठ, दुकानातल्या रंगवलेल्याला दोन. तेही बाटली पुन्हा वापरता येते म्हणून. फियाटला एकंदरीत सात.

आता ओम्नी. इथे मी पक्षपात करणार आहे.

1993 च्या सुमारास फियाट विकली आणि मारुतीची ओम्नी घेतली. 796 सीसी, तीन सिलिंडर, चेहरा सपाट, बाजूचं दार सरकणारं. ते दार सरकलं की जो खर्रर्र आवाज व्हायचा त्यावरून आळीतल्या सगळ्यांना कळायचं की बाई आल्या. इंजिन पुढच्या सीटखाली. तेल बघायचं तर शेजारी बसलेल्याला उठवायचं आणि सीट उचलायची. मे महिन्यात दुपारी चालवलं तर बूड भाजून निघायचं, हे सत्य सांगायलाच हवं. वाऱ्यात ती हलायची. अपघात झाला तर पुढे बॉनेट नाही, आपले गुडघेच आहेत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून पन्नासच्या वर मी तिला फारशी नेली नाही. पण मागची सीट दुमडली की तिच्यात काय मावायचं नाही? शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा, हार्मोनियम आणि शिवाजी महाराजांचं सिंहासन एका खेपेत गेलेलं आहे.

आणि तिच्यामुळे मला हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या उकळीची दारू, मिळाला. माझ्या मावसभावाची सत्तरी तालुक्यातल्या ठाणे गावाजवळ काजूची बागायत. मार्च उजाडला की शनिवारी शाळा सुटल्यावर ओम्नी वाळपईच्या दिशेने. बोंडं गोळा करायला बायका पहाटेच लागलेल्या असायच्या. बी पिरगाळून काढायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या दगडी कुंडात टाकायचा आणि त्यावर माणूस उभा राहून तुडवायचा. मग त्या चोथ्याचा ढीग करून, वेलीने करकचून बांधून, वर धोंडा ठेवायचा. त्यातून रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो निरो. सकाळी लवकर प्यायचा. गोड, किंचित तुरट, घशाला थोडा खरखरीत. ऊन वर आलं की आंबायला लागतो, त्यामुळे निरो पणजीच्या दुकानात चांगला मिळेल अशी आशा ठेवू नका. जिथे काढला तिथेच प्यायलात तर साडेसात.

तुडवलेला रस काही दिवस आंबला की भट्टीवर चढतो. तांब्याचं भाण चुलीवर, त्याच्या तोंडाचा सांधा रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या मातीने लिंपलेला, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात आणि ते भांडं गार ठेवायला सतत पाणी. पहिल्या उकळीत जो उतरतो तो हुर्राक. पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, म्हणजे वाइनपेक्षा थोडा वर. तोच नव्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी, बेचाळीसच्या घरात. भट्टीवाला करवंटीत थोडा घेऊन वरून ओततो आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघतो. मी विचारलं, मोजायचं यंत्र का नाही वापरत? तो म्हणाला, “यंत्र हांव न्हय?” म्हणजे यंत्र मीच नाही का? बहुधा खरंच होतं.

कॅन ओम्नीत कुठे ठेवायचा याचंही शास्त्र आहे. पुढच्या सीटमागे अजिबात नाही, तिथे इंजिनाची धग. अगदी मागच्या दारापाशी, ओल्या गोणपाटात गुंडाळून. घरी येईपर्यंत सगळ्या गाडीला काजूचा वास. सोमवारी त्याच गाडीतून मुख्याध्यापकांना शिक्षण खात्याच्या कचेरीत सोडायचं असे. त्यांनी कधी विचारलं नाही, पण एकदा उतरताना “यंदा काजू बरा दिसतो” एवढं म्हणाले. पुढच्या शनिवारी मी त्यांची बाटली वेगळी भरून आणली.

हुर्राक पिण्याची सर्वमान्य पद्धत: मोठा ग्लास, बर्फ, लिमका, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. लिमकाबद्दल माझं मत आहे की ती अर्धीच घालावी आणि उरलेला साधा सोडा. पूर्ण लिमका घातली तर काजूचा तो जंगली वास गोडाखाली दबतो आणि मग हुर्राक पिण्यात हशील काय? सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरलेली कैरी, आणि त्याच काजूच्या भाजलेल्या बिया. चालवणारी मी, म्हणून प्यायची ती घरी येऊन, गाडीची किल्ली खुंटीला लागल्यावर. बाईमाणसाने, त्यातून मास्तरणीने, अंगणात बसून हुर्राक प्यायचा याचं सुरुवातीला शेजारी फार कौतुक झालं नाही. दोन हंगामांनी त्यांचेच ग्लास आमच्या अंगणात यायला लागले. हुर्राकला साडेआठ. ओम्नीलाही साडेआठ. 2019 मध्ये ती बनवायची बंद झाली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

त्यानंतरच्या डिझेल गाडीचं नाव घेत नाही. नवी, चकचकीत, कर्जावर घेतलेली, आणि आयुष्यात जेवढी वाट चालली तेवढाच वेळ वर्कशॉपमध्ये होती. थांबायची, पण अशा जागी की जिथे पाणीसुद्धा मिळू नये. साखळीच्या मेस्ताने बॉनेट उघडलं, आतला वायरींचा गुंता बघितला आणि परत लावलं. शून्य द्यायची आमच्या शाळेत पद्धत नव्हती, म्हणून एक.

वॅगन आरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, हीच तिची स्तुती. उंच बसायला मिळायचं, गुडघे दुखायला लागले होते त्यांना ते मानवलं, सकाळी किल्ली फिरवली की चालू. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि रस्ते मोकळे झाले. धूळ गेली, पण कितीतरी घरांतल्या ट्रकांचे हप्ते थकले, तेव्हा तो आनंद उघड कोणी केला नाही. त्या गाडीत आम्ही पाण्याच्या बाटलीशिवाय काही प्यायल्याचं आठवत नाही. सात.

आता दारात टाटाची नेक्सॉन ईव्ही आहे, मुलाच्या हट्टामुळे. 30.2 किलोवॅट-तासाची बॅटरी, कागदावर 312 किलोमीटर, प्रत्यक्षात एसी लावून घाट चढायचा असेल तर त्याहून बरंच कमी धरून चालावं. घरी रात्री लावली की सकाळी भरलेली. आवाज नाही, त्यामुळे आमच्या आळीतले कुत्रे अजून तिच्यापुढून उठत नाहीत. चोर्ला घाट चढताना आकडा झपाझप उतरतो आणि येताना उतारावर ब्रेकच्या जोरावर थोडा परत चढतो, ते बघत बसायला मला फार आवडतं.

आणि गंमत म्हणजे ही गाडी पुन्हा थांबते! बेळगावात जलद चार्जरवर तासभर काढावा लागतो. एकदा एका हॉटेलच्या आवारातला चार्जर बंद निघाला आणि तिथला माणूस म्हणाला, ॲपमध्ये चालू दाखवतोय म्हणजे चालूच असणार. आम्ही दुसरा शोधला. तोवर ताक झालं, मग कॉफी झाली, मग यांनी गोल्ड स्पॉटचा विषय काढला. गाडीला साडेसात, चार्जरच्या व्यवस्थेला पाच.

फेणी उरली. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता ती सुंदर बाटल्यांत, विमानतळावर, पाहुण्यांना भेट द्यायला मिळते. आमच्या लहानपणी ती आईच्या कपाटात लोणच्याच्या बरणीमागे ‘औषध’ म्हणून असायची. सर्दीला छातीवर चोळायची आणि चमचाभर पोटात. नव्या बाटल्यांतल्या दोन-तीन मी चाखल्या. एक इतकी गुळगुळीत की काजू कुठे गेला ते शोधावं लागलं. चांगली फेणी नाकाजवळ नेली की आधी थोडी अंगावर येते, आणि ज्याला ते नको त्याने दुसरं काहीतरी प्यावं. भट्टीवरच्या ओळखीच्या फेणीला आठ, गुळगुळीत बाटलीला पाच, त्यातला एक गुण बाटलीच्या काचेला.

हुर्राक घ्यायचा असेल तर मार्च ते मे, आणि यंदाचाच आहे ना हे विचारून. पाऊस लागल्यावर कोणी देऊ केला तर घेऊ नका, तो टिकत नाही. काचेची बाटली घरून न्या, प्लास्टिकचा वास त्याला लगेच लागतो. आणि परतीला चालवायला न पिणारं माणूस बरोबर असू द्या; आमच्याकडे ते काम सध्या मुलाकडे आहे आणि त्याबद्दल त्याची कुरकुर चालू असते.