टू-पर्सन टेंट: अख्खा पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळ्यात ऑनलाईन मागवला होता. दोन माणसांचा डोम टेंट, डबल लेयर, वजन अडीच किलोच्या आसपास, बाईकच्या मागच्या सीटवर आडवा बांधला की विषय संपला. पावसात चालतो का असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

खरी परीक्षा श्रावणात झाली. एकटाच निघालो, संभाजीनगरहून सकाळी दौलताबाद, मग वेरूळ, अन् मुक्काम म्हैसमाळला. दौलताबादला किल्ल्यातल्या अंधारीत (काळोख्या भुयारी वाटेत) वटवाघळांचा वास आणि पायाखाली पाणी, धापा टाकत बारादरीपर्यंत गेलो तर ढगाशिवाय काही दिसेना. वेरूळ मात्र पावसातच बघावं राव. 16 नंबरचं कैलास वरून खाली कोरत आणलंय, त्यामुळं कड्यावरनं निथळणारं पाणी चारी बाजूंनी दिसतं आणि ओला कातळ एकदम काळाभोर होतो. 29 नंबरजवळचा धबधबा तर फुल्ल चालू होता. (मंगळवारी लेणी बंद असतात, बघून जा.)

खुलताबादवरून म्हैसमाळला पोचेस्तोवर झड लागलेली. एका काकांना विचारून त्यांच्या शेतात टेंट लावायला घेतला तर ते म्हणले, "लेकरा, काळ्या रानात नको, वर मुरमावर लाव." आपल्याकडं टेंट घेताना खरं तर हेच बघायला पाहिजे, पण कुठल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही, सगळे नुसते 3000 एमएम वॉटरप्रूफचं (कापड किती पाण्याचा दाब झेलतं त्याचा आकडा) कौतुक करतात. काळ्या मातीत खुंटी लोण्यासारखी आत जाते अन् वारा सुटला की तशीच बाहेर येते. मुरमात ती आतच जात नाही, सोबत आलेल्या तारेच्या खुंट्या दोन ठोक्यात वाकल्या. त्या रात्री दोऱ्या दगडांना बांधून भागवलं. नंतर लोहाराकडून 10 एमएम सळईचे फूट-फूटभर तुकडे टोकदार करून घेतले, आठ तुकड्यांचं दीड किलो वजन वाढलं पण बाईकवर काय फरक पडतो.

पाणी वरून एक थेंब आलं नाही. पहाटे मात्र आतल्या कापडावर हात फिरवला तर ओला! गळती नव्हती ती, आपलाच श्वास. थंडीमुळं सगळ्या झिपा लावून झोपलं की वाफ गार कापडावर जमणारच, वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की बरंच कमी होतं. सोबतच्या नायलॉनच्या दोऱ्या भिजून ढिल्या पडतात, मग फ्लाय (वरचं पावसाचं कापड) आतल्या जाळीला चिकटतो, त्यामुळं झोपायच्या आधी एकदा ताणायच्याच. पॉलिस्टरच्या दोऱ्या घेतल्या तर ही कटकट जाते.

आता तक्रारी. दाराच्या झिपेत चिखल गेला की अडकते, ब्रशनं धुवून मेणबत्ती घासावी लागते. एका कोपऱ्यात शिवणीवरची टेप सुटायला लागलीये, कस्टमर केअरला फोटो पाठवले तर "पाहतो" म्हणून गप्प. ओला गुंडाळून आणला तर घरी आल्या आल्या गच्चीवर वाळवाच, नाहीतर बुरशीचा वास काही केल्या जात नाही. अन् एप्रिल-मेमध्ये सूर्य वर आला की आत बसवत नाही, नुसती भट्टी.

साडेचार हजारात एकट्या माणसाला सामानासकट ऐसपैस होतो. दोघांनी झोपायचं असेल तर तीन माणसांचाच घ्या, कंपनीची दोन माणसं बहुतेक फार बारीक असतात.