नव्वदीतल्या आज्जीचा खुबा मोडलाय: ऑपरेशन की अंथरूण, बेळगाव की मिरज?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरातलं म्हातारं माणूस न्हाणीत पाय घसरून पडलं, उठताच येईना, एक पाय आखूड दिसायला लागला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलं की बहुतेक खुब्याचं हाड मोडलेलं असतंय. मग तासाभरात घर पाहुण्यांनी भरतं, एक म्हणतो एवढ्या वयात कशाला चिरफाड, दुसरा म्हणतो हाडवैद्याची पट्टी बांधूया, तिसरा मिरजेला न्यायला गाडी काढून तयार, आणि आज्जी तिकडं कळवळत पडलेली. ज्यांना आज-उद्यात ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हाडवैद्याचं आधी संपवतो. हे हाड मांडीच्या जाड स्नायूंच्या आत असतं, स्नायू तुकड्यांना वर ओढत राहतात, बाहेरून बांधलेली पट्टी त्यांना धरूच शकत नाही, आणि तेल लावून चोळलं तर दुखणं वाढतंच. एक मात्र लक्षात ठेवा, कधीकधी हाड मोडूनही माणूस लंगडत चालतं आणि साध्या एक्सरेत काही दिसत नाही, तेव्हा दुखणं थांबत नसेल तर सीटी किंवा एमआरआयचं विचारा.

आता ऑपरेशन की अंथरूण. आपल्याकडं बहुतेक घरात हिशोब असा असतो की ऑपरेशन म्हणजे रिस्क आणि झोपवून ठेवलं म्हणजे सेफ, आणि हा हिशोब चुकीचा आहे, हे मला अगदी कळकळीनं सांगायचंय. नव्वदीच्या माणसाला झोपवून ठेवलं की कूस बदलताना, बेडपॅन देताना, कपडे बदलताना दरवेळी मोडलेलं हाड घासतं, त्या भीतीनं ते हलायचंच सोडतं, मग कफ साठून न्यूमोनिया, पाठीला जखमा, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गाठ, एकेक करून मागं लागतं. वजन लावून ट्रॅक्शन दिलं तरी हेच, आणि हाड जुळायला कित्येक आठवडे. ऑपरेशनचा पहिला फायदा म्हणजे दुखणं आवाक्यात येतं आणि माणसाला उठवून बसवता येतं. चालायला लागेल की नाही ते पुढचं पुढं.

दुसरी बाजूही स्वच्छ सांगायला पाहिजे. ऑपरेशन चांगलं झालं तरी जगभरातला अनुभव असा आहे की खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी शंभरातली साधारण वीस ते तीस वर्षभरात जातात, नव्वदीच्या पुढं त्याहून जास्त, आणि जी राहतात त्यातल्या साधारण निम्म्यांचंच चालणं पहिल्यासारखं होतं. काठी घेऊन देवळात जाणारी आज्जी वॉकर धरून सोप्यातून न्हाणीपर्यंत जायला लागली तर ते चांगलं यश समजा. डॉक्टर जर म्हणाले की महिन्यात पळायला लागतील तर जरा सावध राहा.

मग ऑपरेशन कुणाचं करू नये? जे पडायच्या आधीपासूनच अंथरुणाला खिळलेत, कुणाला ओळखत नाहीत, खाणं सुटलंय, हृदय किंवा किडनी शेवटच्या टप्प्यात आहे, त्यांच्यासाठी न करणं हाही खरा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये नर्सिंग होममधल्या अशाच अतिशय थकलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला, १७२ जण होते, त्यात ८८ जणांच्या बाबतीत घरच्यांशी नीट बोलून ऑपरेशन न करायचं ठरलं. तीस दिवसांच्या आत ऑपरेशन न केलेल्यांतले ८३ टक्के गेले, केलेल्यांतले २५ टक्के. पण दुखणं वेळेवर सांभाळल्यामुळं राहिलेल्या दिवसांचा दर्जा ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट नव्हता, आणि बहुतेक घरच्यांना आपला निर्णय बरोबर वाटला. म्हणजे हा रस्ता निवडला तर तो शेवटचा रस्ता आहे हे डोळे उघडे ठेवून निवडायचा, आणि मग दुखण्याचं औषध, गरज पडली तर मॉर्फिन, मांडीच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन, एअर बेड हे सगळं मागून घ्यायचं. नुसतं घरी आणून कोपऱ्यातल्या कॉटवर टाकणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण नुसतं वय बघून नको म्हणू नका, ९२ वर्षांची पण परवापर्यंत स्वतः चहा करून घेणारी आज्जी ऑपरेशनला ७५ च्या आजारी माणसापेक्षा बरी असू शकते.

रॉड की गोळा, हे आपण ठरवायचं नसतंय, हाड कुठं मोडलंय त्यावर असतं. खुब्याच्या गोळ्याखालच्या मानेत मोडून जागचं सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून म्हाताऱ्या माणसात अर्धा सांधा बदलतात, त्याला बायपोलर म्हणतात. त्याच्या खाली मोडलं तर रॉड आणि स्क्रू. पूर्ण सांधा बदलायचं महागडं पॅकेज कुणी सुचवलं तर कारण विचारा, इतक्या वयात बहुतेकांना अर्धा पुरतो. अर्धा बसवताना हाडात पक्का बसवायचं सिमेंट लावलं तर थोडं बरं, ब्रिटनमधल्या १२२५ रुग्णांच्या अभ्यासात तसंच निघालं, पण हृदय फार कमजोर असेल तर त्याचं आधी बोलून घ्या. कमरेत इंजेक्शन की पूर्ण भूल यावर घरात भांडू नका, २०२१ च्या १६०० रुग्णांच्या अभ्यासात दोन्हीत दोन महिन्यांनी फारसा फरक दिसला नाही.

वेळेचं काय? ब्रिटनमध्ये नियम आहे की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. २०२० मध्ये १७ देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांवरचा अभ्यास आला, सहा तासांत केलं काय आणि चोवीस तासांत केलं काय, मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं, पण लवकर केलेल्यांमध्ये भ्रम, म्हणजे ऑपरेशनच्या दिवसांत अचानक काहीबाही बोलणं, कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे रात्री बारा वाजता जीव मुठीत धरून गाडी पळवायची गरज नाही, पण कुठला पाहुणा मुंबईहून येईपर्यंत चार-पाच दिवस थांबणंही बरोबर नाही.

त्यामुळं बेळगाव की मिरज याला माझं उत्तर साधं आहे, जिथं दोन दिवसांच्या आत ऑपरेशन होतंय आणि दुसऱ्या दिवशी उठवून बसवतात तिथं. बेळगावात सिव्हिल आहे, केएलईचं हॉस्पिटल आहे, प्रायव्हेट आहेत, निपाणीकरांना कोल्हापूर सोयीचं, जांबोटी-लोंढ्याच्या बाजूला गोवा. फोनवर तीनच गोष्टी विचारा: ऑपरेशन कधी, फिजिशियन रोज बघणार का, फिजिओ दुसऱ्या दिवशी येणार का. पैशाचं म्हणाल तर बीपीएल कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, 'आरोग्य कर्नाटक' या सरकारी योजनेत हे बसतंय का ते ॲडमिटच्या वेळीच विचारा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलंय, मिरज-कोल्हापूरकडं जाणार असाल तर आपलं गाव त्यात आहे का आणि त्या हॉस्पिटलात चालतंय का, हे निघायच्या आधी फोन करून पक्कं करा.

वॉर्डातल्या पहिल्या चार रात्री सगळ्यात अवघड. आज्जी अचानक काहीबाही बोलायला लागते, सलाईन उपटते, मेलेल्या भावाला हाक मारते, आणि घरचे म्हणतात डोकं फिरलं. हा भ्रम असतो, पुष्कळांना होतो, बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. त्यावर मोठा इलाज म्हणजे ओळखीचं माणूस. भोवती सगळं कन्नड चाललेलं असताना "आज्जी, मी हाय की, काय होऊलालंय तुला?" असं आपल्या बोलीत कुणी म्हणालं की ती शांत होते, आमच्या घरी हे मी स्वतः बघितलंय. चष्मा, कानाचं मशीन, दातांची कवळी घरी ठेवू नका. झोपेच्या गोळीचा हट्ट डॉक्टरकडं धरू नका, त्यानं भ्रम वाढू शकतो.

घरी आल्यावर जमिनीवरची गोधडी बंद, गुडघ्याएवढ्या उंचीची कॉट, परसातल्या बसक्या संडासाऐवजी कमोडची खुर्ची, न्हाणीत धरायला दांडा, रात्रभर एक दिवा. बायपोलर असेल तर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं नको. नाचणीची आंबील चांगलीच आहे पण ती एकटी पुरत नाही, अंडं, दूध, डाळ, मासे जे चालतं ते रोज पोटात जाऊ दे, स्नायू त्याच्यावरच परत येतात.

आणि डिस्चार्जच्या दिवशी एक गोष्ट आवर्जून विचारा कारण ती बहुतेक वेळा राहूनच जाते, हाडं ठिसूळ झालीत त्याचं औषध. झोलेड्रॉनिक ॲसिड नावाचं वर्षातून एकदा द्यायचं सलाईन असतं, २००७ च्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते सुरू केलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली आणि मृत्यूही कमी झाले. त्याआधी किडनीची आणि कॅल्शियमची तपासणी करतात, व्हिटॅमिन डी कमी असेल तर आधी ते भरून काढतात, म्हणून ते त्याच दिवशी देत नसतील तर पुढची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.