डीएमटी ६२०एम वायर मायोग्राफ: यंत्र चोख, पण बारीक धमनी हाताळता यायला हवी

ॲसिटिलकोलीन (चेतापेशींचं एक संदेशवाहक रसायन) दिल्यावर धमनी सैल पडायची असेल, तर तिच्या आतला एकपेशी थर, म्हणजे एंडोथेलियम, शाबूत लागतो. फर्चगॉट आणि झवाद्झ्की यांनी १९८० मध्ये हे सशाच्या महाधमनीवर दाखवलं. तोच प्रश्न उंदराच्या २००-३०० मायक्रॉनच्या कोरोनरी फांदीला विचारायचा, तर डीएमटीचा ६२०एम वायर मायोग्राफ, म्हणजे तारांवर चढवलेल्या धमनीच्या तुकड्याचं आकुंचन-शिथिलन बलाच्या रूपात मोजणारं यंत्र, भरवशाचं आहे. चार स्वतंत्र कक्ष असल्यामुळे एकाच हृदयातले चार तुकडे एकाच वेळी तपासता येतात.

सुमारे २ मिमी लांबीचा तुकडा ४० मायक्रॉनच्या दोन तारांवर चढवायचा. खरी कसोटी इथेच असते. तार आतून घासली की थर निघतो आणि मग दोष औषधाला किंवा आजाराला दिला जातो. म्हणून प्रयोगाआधी यू४६६१९ या आकुंचक औषधाने धमनी आवळून ॲसिटिलकोलीनने ती सैल पडते का, ते पाहावंच. पडली नाही, तर सोडियम नायट्रोप्रुसाइड द्या; ते थराशिवायही स्नायूला थेट सैल करतं. त्याने पडली तर स्नायू ठीक आहे, थर गेला आहे. डुकराच्या कोरोनरीत मात्र ॲसिटिलकोलीन उलट आकुंचन घडवतं, तिथे थरामार्फत धमनी सैल करणारं ब्रॅडीकायनिन वापरा. धमनी मोठी असेल तर तारांऐवजी पिना लावाव्या लागतात.

आवळायला पोटॅशियम वापरणं ही नेहमीची चूक. ६० मिलिमोलर पोटॅशियममध्ये स्नायूपेशीचा पडदा आधीच विध्रुवित झालेला (त्यावरचा विद्युतदाब घटलेला) असतो, त्यामुळे एंडोथेलियमचा अतिध्रुवीकरणाचा मार्ग, म्हणजे तो दाब वाढवून स्नायू सैल करण्याचा मार्ग, बंद पडतो आणि मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड या थरातून सुटणाऱ्या शिथिलक वायूचा वाटा दिसतो. बारीक धमन्यांत तर हा मार्गच मोठा असतो. तो वेगळा पाहायचा तर १०० मायक्रोमोलर एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड बनणं रोखणारं) आणि १० मायक्रोमोलर इंडोमेथासिन (प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखणारं) एकत्र द्या, उरलेलं शिथिलन बहुतांशी त्याचंच.

द्रावण ३७ अंशांवर, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत ठेवायचं. वायू सोडण्याआधी कॅल्शियम घातलं, तर बायकार्बोनेटमुळे द्रावण दुधाळ होऊन कार्बोनेट खाली बसतं. कॅल्शियम शेवटी घाला.

देखभालीत बल-संवेदकाची (धमनीची ओढ मोजणाऱ्या भागाची) विशेष काळजी घ्या, यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग तोच. त्याच्या छिद्राभोवतीचं ग्रीस कमी झालं की खारं पाणी आत शिरतं. कॅलिब्रेशन सोपं आहे: २ ग्रॅमचं वजन कॅलिब्रेशनच्या तराजूच्या दांडीवर ठेवल्यावर ९.८१ मिलिन्यूटन दिसलं पाहिजे, कारण दांडी संवेदकाला निम्मंच वजन पोचवते. कक्षात साठलेला क्षार ८ टक्के ॲसिटिक आम्लाने धुवा.

उणीव एकच, पण मोठी. इथे धमनीतून प्रवाह जात नाही, आणि शरीरात एंडोथेलियमला नायट्रिक ऑक्साइड सोडायला सतत लावणारी मुख्य गोष्ट म्हणजे प्रवाहाचं घर्षण. औषधाने सांगितल्यावर थर काम करू शकतो का, एवढंच हे यंत्र सांगतं. घर्षणाला तो कसा प्रतिसाद देतो हे पाहायचं असेल, तर धमनीतून द्रव वाहवता येणारा प्रेशर मायोग्राफच घ्या.