इसुझू एनपीएसवरचा पँटेक कॅम्पर: कच्च्या रस्त्यांवर काही महिने वापरल्यानंतर

ऑस्ट्रेलियात मालाचा बंद डबा असलेल्या ट्रकला पँटेक म्हणतात. इसुझू एनपीएस ४×४ या ट्रकच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) जुन्या फ्रिज-ट्रकचा इन्सुलेटेड डबा बसवून केलेला कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, गिब रिव्हर रोड, ऊडनाडॅटा ट्रॅक अशा तिथल्या कच्च्या रस्त्यांवर वापरल्यानंतरचा हा अनुभव. आतल्या सजावटीबद्दल फारसं लिहीत नाही, कारण गाडी टिकणार की नाही हे डबा चासीवर कसा बसवलाय यावर ठरतं.

मालवाहतुकीत डबा यू-बोल्टने (यू आकाराच्या बोल्टने) चासीला आवळलेला असतो. डांबरी रस्त्यावर ते चालतं. एक चाक खड्ड्यात आणि तिरक्या कोपऱ्यातलं दुसरं दगडावर गेलं की चासी पिळते, सँडविच पॅनेलचा (दोन थरांमध्ये फोम भरलेल्या फळ्यांचा) डबा मात्र पिळत नाही. आधी दाराची चौकट तिरकी होते, लॅच बसेनासा होतो, मग कोपऱ्यांतला गोंद सुटतो. म्हणून यू-बोल्ट काढून चासी आणि डबा यांच्यामध्ये स्टीलची सबफ्रेम (वेगळी चौकट) घातली आहे. मागचं टोक प्लेटांनी पक्कं, पुढच्या माउंटवर स्प्रिंगवाले बोल्ट. चासी पिळली की सबफ्रेमचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि पुन्हा बसतं. ते बाजूला सरकू नये म्हणून दोन्हीकडे गाइड प्लेट हव्यातच. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही नाही. बोल्ट फक्त उभ्या बाजूत. केबिन आणि डबा यांत किमान १०० मिमी मोकळी जागा ठेवा. दाराची फट आजही वर-खाली सारखी आहे, तेव्हा हा खर्च शंभर टक्के वसूल.

मागची जोडचाकं काढून चारही बाजूंना एकेरी रुंद टायर घेतले. जोडचाकांत दगड अडकतो, आणि वाळूत मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत न चालता स्वतःची नवी चाकोरी पाडतात, त्यात इंजिनाची ताकद वाया जाते. एकेरी टायर घेताना मागच्या अ‍ॅक्सलवरचं निम्मं वजन एक टायर पेलतो का, हे त्यावरच्या लोड इंडेक्सवरून (टायर किती भार पेलतो ते सांगणाऱ्या आकड्यावरून) तपासा. बदलाला इंजिनिअरचं प्रमाणपत्रही लागतं.

पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या रस्त्यावर सगळ्यात आधी स्क्रू सैल होतात. प्लायमध्ये थेट मारलेला स्क्रू भोक मोठं करत बाहेर येतो. कपाटं पॉलियुरेथेन गोंदाने, ३ मिमी जाड थर ठेवून चिकटवली, ती हललेली नाहीत. गोंद पातळ पसरला तर लवचिकपणा राहत नाही आणि तो तडकतो.

धूळ हा दुसरा शत्रू. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि बारीकशा फटीतूनही लाल माती आत ओढली जाते. छतावर पुढच्या दिशेने उघडणारा, फिल्टर लावलेला झरोका ठेवला की आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. गॅसची शेगडी ठेवली तर नियमाने कायम उघडी जाळी लागते, आणि धुळीला तीच वाट मिळते. त्यामुळे स्वयंपाक इंडक्शनवर आणि हीटर डिझेलचा. थंडीत दोन माणसांच्या श्वासातून रात्रीत अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत येतं. छताचा पंखा हळू चालू ठेवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या कोपरपट्ट्यांवर थेंब धरतात.

ट्रक २४ व्होल्टचा, घर १२ व्होल्टचं, म्हणून मध्ये २४ चे १२ व्होल्ट करून घरच्या बॅटऱ्या भरणारा डीसी-डीसी चार्जर. लिथियम बॅटऱ्या राहण्याच्या जागेत उघड्या ठेवता येत नाहीत, एएस/एनझेडएस ३००१.२:२०२२ या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाप्रमाणे पेटी आतून सीलबंद आणि तिचा झरोका बाहेर हवा.

आता वजन. साध्या कार लायसन्सवर चालवायची तर जीव्हीएम (सामानासकट गाडीचं कमाल वजन) ४,४९५ किलोवर नोंदवावी लागते. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, २०० लिटर डिझेल म्हणजे आणखी साधारण १७०. फ्रिज-ट्रकचा डबा मुळातच जड, त्यामुळे हे आकडे लगेच अंगावर येतात. पाण्याची टाकी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली ठेवा. कपाटं बसवण्याआधी रिकामी गाडी काट्यावर न्या आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा मोजा. सबफ्रेमच्या पुढच्या माउंटचे स्प्रिंगवाले बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक कच्च्या टप्प्यानंतर पाना लावून पाहावे लागतात. नटावर रंगाची रेघ मारून ठेवली की फिरलेला नट लांबूनही दिसतो.