डाकोटा की फोर्ड ट्रायमोटर? माझी मान काय म्हणते

गावाकडून आई-बाबा येतायत, त्यांना जुन्या पंख्याच्या विमानातून एक चक्कर मारून आणायचीय, कशात बसवू, असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. दोन्हीत बसलोय, इथे अमेरिकेतच, वेगवेगळ्या उन्हाळ्यात.

खरं सांगायचं तर माझा जीव डाकोटावर. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानातून, बाबांनी हे इतक्यांदा ऐकवलंय की आत पाऊल टाकताना अंगावर काटा आला. पण मला मिळालं ते सी-४७, म्हणजे लष्करी डाकोटा, आणि त्यात बाकडी भिंतीला लागून, समोरासमोर. खिडकी कुठे, तर पाठीमागे! पट्टा आवळलेला, मान वळवून वळवून बघायचं, खाली तळं आलं म्हणून वळलो तर मानेत असली उसण भरली की राहिलेला वेळ समोरच्या काकांचे गुडघे बघत काढला. घरी येऊन दोन दिवस बाम चोळत होतो. पुढे तोंड करून खुर्च्या असलेलं डीसी-३, म्हणजे याचंच प्रवासी रूप, मिळालं तर गोष्ट वेगळी, पण पंख खालीच ना, मधल्या रांगेला पंखाचंच दर्शन.

फोर्ड दिसायला अगदीच पत्र्याचा डबा. पन्हाळीचा पत्रा, कोकणातल्या पडवीवर असतो तसाच, १९२९ चं विमान. आवाज म्हणाल तर तीन इंजिनं कानाशी, कापूस घालूनही बायकोशी खुणांनीच बोललो, त्यात खुर्च्या एकेकट्या, ती पलीकडच्या खिडकीशी. आणि जेमतेम पंधरा मिनिटं, पैसे जरा टोचतातच. पण पंख डोक्यावर, प्रत्येकाला स्वतःची खिडकी, खाली शेतं, कौलं, कुणाच्या अंगणातली वाळत घातलेली चादरसुद्धा दिसली. शेपटीकडे जाणाऱ्या वायरी चक्क बाहेरून जातात, खिडकीशेजारी हलताना दिसतात, आणि बाजूच्या इंजिनांचे मीटर बाहेर दांड्यावर बसवलेले, पायलट काचेतून बाहेर डोकावून वाचतो! आमचे बाबा तेच बघत बसले, फोटोबिटो राहिलेच.

लढाईच्या इतिहासाचं वेड असेल तर डाकोटाला नाही म्हणू नका, ज्याची त्याची आवड. मात्र दोन्ही विमानं शेपटीवर टेकून उभी असतात, आतली वाट चढणीची, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. पुढच्या महिन्यात सासरे येतायत, त्यांना मानेचा स्पाँडिलायटिस आहे. तिकिटं फोर्डचीच काढलीत.